स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील तीन लोहमार्ग

नकाशावर स्कॉटलंडचा पश्चिम किनारा पाहिला, तर तो जुन्या वस्त्राच्या उसवलेल्या काठासारखा दिसतो. समुद्राचे लांबलचक फाटे डोंगरांच्या रांगांमधून आत शिरले आहेत आणि डोंगरांची टोके समुद्रात दूरवर गेली आहेत. या फाट्यांना तेथील गेलिक भाषेत 'लॉख' म्हणतात; गोड्या पाण्याच्या सरोवरालाही तोच शब्द आहे. समोरच्या तीरावरील गाव होडीने अर्ध्या तासाचे, तर पायवाटेने दिवसभराचे, अशी या भागाची जुनी स्थिती होती. पाऊस पुष्कळ, जमीन खडकाळ आणि वस्ती विरळ. अशा या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी तीन लोहमार्ग समुद्रापर्यंत जाऊन पोहोचले. ओबन येथे १८८० साली, काइल ऑफ लोखॅल्श येथे १८९७ साली आणि मॅलेग येथे १९०१ साली. हे तिन्ही मार्ग आजही चालू आहेत. परंतु त्यांपैकी एकही केवळ नफ्याच्या बळावर टिकलेला नाही. जेथे माणसे थोडी आणि खर्च फार, तेथे आगगाडी न्यावी काय, आणि नेली तर तिचा भार कोणी सोसावा, हा या मार्गांच्या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे. तो स्कॉटलंडमध्ये तीन पिढ्यांत निरनिराळ्या रूपांनी पुढे आला.

हा प्रश्न समजण्यासाठी त्या किनाऱ्यावरील माणसांची पूर्वकथा थोडी सांगितली पाहिजे. स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील डोंगराळ मुलखाला हायलंड्स म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील समाज कुळागणिक सरदारांच्या आश्रयाने राहत असे. पुढे या सरदारांचे रूपांतर आधुनिक जमीनदारांत झाले. मेंढपाळीत अधिक पैसा आहे असे दिसून येताच त्यांनी दऱ्यांतील शेतकऱ्यांना पिढीजात जमिनींवरून उठविले. कित्येक कुटुंबे कॅनडाची वाट चालू लागली. उरलेल्यांना समुद्रकाठी खडकाळ जमिनीचे लहान लहान तुकडे मिळाले. या तुकड्याला 'क्रॉफ्ट' आणि तो कसणाऱ्या कुळाला 'क्रॉफ्टर' असे नाव आहे. एवढ्या जमिनीवर पोट भरणे शक्यच नव्हते. समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकण्याचा धंदा काही काळ चालला व बुडाला. बटाट्यावर दिवस काढावे, तर १८४६ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला. शेवटी उरला तो समुद्र. या समुद्रात हेरिंग नावाचा मासा विपुल मिळे. आपल्याकडील तारलीच्याच कुळातला हा मासा. परंतु ताजा मासा हा मोठा नाशवंत माल. तो खारवून पिंपांत भरला, तर भाव कमी. ताजा विकावा, तर ग्लास्गो आणि लंडनच्या बाजारपेठा शेकडो मैल दूर. जाळ्यात मासळी आहे आणि घरात दारिद्र्य आहे, या दुःखाचे एक मोठे कारण दळणवळणाचा अभाव हे होते.

पश्चिम समुद्राकडे निघालेला पहिला लोहमार्ग पूर्वेकडील डिंगवॉल या गावापासून सुरू झाला. डिंगवॉल-स्काय रेल्वे या कंपनीला १८६५ साली पार्लमेंटची संमती मिळाली. नावात स्काय बेट होते, म्हणजे बेटासमोरील किनाऱ्यापर्यंत रूळ नेण्याचा संकल्प होता. परंतु संकल्प आणि सिद्धी यांच्यामध्ये दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अडचण जमीनमालकाची. स्ट्रॅथपेफर या आरोग्यस्थानाजवळून जाणारा सोपा मार्ग तेथील जमीनमालकाच्या विरोधामुळे सोडावा लागला आणि गाडीला डोंगराच्या अंगावरून, पन्नास फुटांना एक फूट अशा कठीण चढणीने, वर चढावे लागले. ही चढण आजही त्या मार्गावर आहे. एका माणसाची हरकत त्याच्या पश्चातही किती पिढ्यांना वळसा घालायला लावते, याचे ते उदाहरण होय. दुसरी अडचण पैशाची. स्काय बेटाच्या अलीकडे सुमारे १० मैलांवर, स्ट्रोम फेरी या ठिकाणी, कंपनीचे भांडवल संपले. १८७० साली तेथेच स्थानक बांधून गाड्या सुरू झाल्या. पुढची सत्तावीस वर्षे गाडीतून उतरलेला प्रवासी आणि होडीतून उतरलेला मासा यांची गाठ स्ट्रोम फेरीच्या धक्क्यावर पडत असे.

लोहमार्ग केवळ माल नेत नाही, तो स्वतःचे वेळापत्रकही घेऊन येतो. १८८३ सालच्या जून महिन्यात याचा प्रत्यय आला. सोमवारच्या लंडन बाजाराला ताजी मासळी मिळावी, म्हणून कंपनीने रविवारी मासे चढविण्याची व्यवस्था केली होती. या किनाऱ्यावरील लोक कडव्या प्रॉटेस्टंट पंथाचे. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी कामधंदा करणे हे पाप, अशी त्यांची निष्ठा. आसपासच्या गावांतील शंभरांहून अधिक माणसांनी धक्क्याचा ताबा घेतला आणि मासळी गाडीत भरू दिली नाही. पोलिसांशी झटापट झाली. पुढे दहा जणांवर खटला होऊन त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. जे लोक मासळीच्या व्यापारावरच जगत होते, त्यांनीच तिची गाडी अडवावी, हे बाहेरच्यांना विचित्र वाटले. परंतु त्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. आगगाडी हवी, पण तिच्यासाठी आपले सारे जीवन बदलावे ही अट त्या लोकांना मान्य नव्हती.

दुसरा मार्ग दक्षिणेकडील. कॅलँडर या गावापासून ओबन बंदरापर्यंतच्या ७१ मैलांच्या मार्गास १८६५ सालीच मंजुरी मिळाली होती. पण तो पुरा व्हायला पंधरा वर्षे लागली. पैसा जमेल तसतसा तो पुढे सरकत होता. १८७३ साली टिनड्रम, १८७७ साली डॅलमॅली आणि १८८० साली ओबन. कॅलेडोनियन रेल्वे या बड्या कंपनीचा आधार नसता, तर तो मध्येच थांबला असता. या मार्गाचे चिटणीस जॉन अँडरसन यांचे नाव आज एका चमत्कारिक वस्तूमुळे टिकून आहे. ब्रँडरच्या खिंडीत एका बाजूस ऑ सरोवर आणि दुसऱ्या बाजूस क्रूअखन पर्वताचा सरळ उतार, यांच्यामधून रूळ जातात. १८८१ साली वरून सुटलेला एक खडक धावत्या गाडीवर येऊन आदळला. तेव्हा अँडरसन यांनी रुळांच्या वरच्या अंगाने डोंगरउतारावर तारांचे कुंपण उभारविले. खडक गडगडत आला की तार तुटावी आणि तार तुटताच मार्गावरील सिग्नल आपोआप धोक्याची खूण दाखवील, अशी ती योजना होती. वारा सुटला की या तारा गुणगुणतात. म्हणून लोक तिला 'अँडरसनचा पियानो' म्हणू लागले. १८८२ साली सुरू झालेली ही व्यवस्था आजही कामात आहे. ती सर्वस्वी अचूक नाही. २०१० साली याच खिंडीत खडकामुळे एक गाडी रुळावरून घसरली, मात्र प्राणहानी झाली नाही. तथापि, गरीब कंपनीने थोड्या पैशांत केलेली उपाययोजना किती दीर्घकाळ उपयोगी पडते, हे या तारा सांगतात.

याच सुमारास किनाऱ्यावरील कुळांचा असंतोष उघड झाला. १८८२ साली स्काय बेटावर कुळे आणि ग्लास्गोहून आणलेले पोलीस यांच्यात चकमक झाली. वृत्तपत्रांनी ती गोष्ट सर्व ब्रिटनभर नेली आणि १८८३ साली सरकारने एक चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड नेपियर. हिंदुस्थानच्या इतिहासात हे नाव अपरिचित नाही. १८६६ ते १८७२ या काळात ते मद्रास इलाख्याचे गव्हर्नर होते आणि १८७२ साली लॉर्ड मेयो यांचा अंदमानात खून झाल्यावर काही महिने त्यांनी व्हाइसरॉयचे कामही पाहिले होते. मद्रासचा कारभार पाहिलेल्या या माणसाने आता स्वदेशातील गावोगाव हिंडून कुळांच्या साक्षी घेतल्या. १८८४ साली त्याच्या आयोगाचा अहवाल आला. त्यात जमिनीच्या प्रश्नाबरोबरच मासेमारी आणि दळणवळण यांचाही विचार होता. १८८६ च्या कायद्याने कुळांना कब्जाची शाश्वती आणि वाजवी खंडाचा हक्क मिळाला. परंतु जमिनीवरून कोणी उठवणार नाही, एवढ्याने चूल पेटत नाही. धंदा चालायला हवा आणि धंद्याला वाट हवी. खुद्द सरकारलाच आता किनाऱ्यावरील लोहमार्गाच्या प्रश्नात लक्ष घालणे भाग पडले.

तिसऱ्या मार्गाची कथा येथून सुरू होते. ग्लास्गोच्या वायव्येकडून निघून फोर्ट विल्यमपर्यंत सुमारे १०० मैल जाणाऱ्या वेस्ट हायलंड रेल्वेचे काम १८८९ साली सुरू झाले. वाटेत रॅनॉक मूर नावाचे विस्तीर्ण दलदलीचे पठार लागते. त्याच वर्षाच्या जानेवारीत सात जण, त्यांत अभियंते आणि कंत्राटदार होते, हे पठार पायी पार करण्यास निघाले आणि थंडी, पाऊस व अंधार यांत वाट चुकून मरता मरता वाचले. रूळ टाकण्याची वेळ आली, तेव्हा तर दलदल भराव गिळू लागली. शेवटी झाडांच्या मुळ्या आणि काटक्यांच्या जुड्या पसरून त्यांवर हजारो टन माती व राख टाकण्यात आली आणि त्या तरंगत्या पायावर रूळ बसविण्यात आले. कंपनीजवळचा पैसा संपत आला असता जेम्स रेंटन या संचालकाने आपल्या खाजगी संपत्तीतून मदत करून काम तडीस नेले. मजुरांनी एका शिळेवर त्याचे मुख कोरले. ती शिळा रॅनॉक स्थानकावर अजून आहे. १८९४ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट विल्यमपर्यंत गाड्या धावू लागल्या.

पण फोर्ट विल्यम हे मासळीचे बंदर नव्हे. ते समुद्राच्या एका लांब फाट्याच्या आतल्या टोकाशी आहे. बेटांच्या पलीकडे मासे धरणाऱ्या होड्यांना तेथवर यायचे, तर मोठा वळसा घालून यावे लागे. मासळीसाठी लोहमार्ग हवा असेल, तर तो आणखी ४० मैल पश्चिमेला, उघड्या समुद्राकाठी मॅलेगपर्यंत नेणे आवश्यक होते. या ४० मैलांत मोठे गाव एकही नव्हते. कोणताही व्यवहारी भागधारक अशा मार्गात पैसा गुंतविणार नाही, हे उघड होते. म्हणून सरकारी हमीची कल्पना पुढे आली. २ लाख ६० हजार पौंडांच्या भांडवलावर भागधारकांना दरसाल तीन टक्के मिळतील अशी तीस वर्षांची हमी तिजोरीने द्यावी आणि मॅलेगच्या धक्क्यासाठी ३० हजार पौंड रोख द्यावे, अशी ती योजना होती. तिच्यावर पार्लमेंटमध्ये मोठा वाद माजला. खाजगी कंपनीचे आणि जमीनदारांचे हित साधण्यासाठी करदात्याने पैसा का द्यावा, असा विरोधकांचा सवाल होता. या किनाऱ्याची इतकी वर्षे उपेक्षा झाली, तिची भरपाई म्हणून तरी हा खर्च योग्य आहे, असे समर्थकांचे म्हणणे. मधल्या काळात मंत्रिमंडळ बदलले, विधेयक लांबले आणि अखेर १८९६ साली संमत झाले.

या वादाकडे पाहताना हिंदी श्रोत्याला आपल्याकडील लोहमार्गांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी जो करार झाला, त्यात भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि त्या हमीच्या बळावरच १८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच, की खाजगी भांडवल बिचकत असेल, तर राज्याने त्याला अभय द्यावे. परंतु फरक मोठा होता. येथील हमीचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर, म्हणजे अखेरीस येथील रयतेवर पडला आणि ज्यांनी तो सोसला त्यांना तो मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार नव्हता. शिवाय कितीही खर्च झाला तरी व्याज सुटत नसल्यामुळे काटकसरीची कोणास गरज वाटली नाही, अशी टीका पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही केली. मॅलेगच्या हमीला भांडवलाची आणि वर्षांची मर्यादा होती. ती देण्यापूर्वी करदात्यांच्या प्रतिनिधींनी तिची उलटतपासणी केली होती. हायलंड्समधील कुळाने हालअपेष्टा पुष्कळ भोगल्या, पण निदान १८९६ साली त्याचा प्रश्न त्याच्याच देशाच्या सभागृहात मांडला गेला.

१८९७ च्या जानेवारीत मॅलेगच्या मार्गाचे काम सुरू झाले. कंत्राटदार रॉबर्ट मॅकआल्पाइन हे ग्लास्गोकडील गृहस्थ. या भागातील खडक इतका कठीण आणि वेडावाकडा, की त्याचे घडीव दगड निघत नसत. म्हणून त्यांनी पुलांसाठी काँक्रीट वापरण्याचे ठरविले. फोडलेला खडक खडी म्हणून त्यातच घालता येई. त्या काळी एवढ्या मोठ्या कामात काँक्रीट वापरणे हे धाडस होते आणि त्यावरून मॅकआल्पाइन यांना 'काँक्रीट बॉब' हे टोपणनाव मिळाले. ग्लेनफिनन येथील त्यांचा पूल २१ कमानींचा, जमिनीपासून सुमारे १०० फूट उंच आणि अर्धचंद्राप्रमाणे वळत गेलेला आहे. त्यात पोलादी सळ्या नाहीत. केवळ काँक्रीटच्या वजनावर तो उभा आहे. बोरोडेल येथे त्यांनी १२७ फुटांहून अधिक लांबीची एकच कमान टाकली. काँक्रीटची तेवढी मोठी कमान त्या वेळी जगात दुसरी नव्हती. या चाळीस मैलांत ११ बोगदे खोदावे लागले. हजारो मजूर पावसाचिखलात, लाकडी झोपड्यांच्या छावण्यांत राहून राबले. त्यांत आयर्लंडचे होते, तसेच गेलिक बोलणारे बेटांवरचेही होते.

या कामाची एक दंतकथा शंभर वर्षे सांगितली जात असे. पुलाचा एक पोकळ खांब दगडमातीने भरत असताना घोडा आणि गाडी वरून आत कोसळली आणि तेथेच कायमची गाडली गेली, अशी ती कथा. लोक ती ग्लेनफिननच्या पुलाविषयी सांगत. पुढे संशोधकांनी त्या पुलाचे खांब आतून तपासले, तेव्हा तेथे काही आढळले नाही. २००१ साली मात्र त्याच मार्गावरील दुसऱ्या एका पुलाच्या खांबात, लॉख नान ऊआव या समुद्रफाट्याजवळ, यंत्राच्या साहाय्याने घोड्याचे व गाडीचे अवशेष दिसून आले. कथा खरी ठरली, फक्त जागा बदलली. त्या मुक्या जनावराप्रमाणेच या मार्गासाठी खपलेल्या बहुसंख्य माणसांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

दरम्यान वेस्ट हायलंडची चढाओढ पाहून उत्तरेकडील हायलंड रेल्वे कंपनी जागी झाली. स्ट्रोम फेरीला अडलेला मार्ग तिने अखेर पुढे नेला. समुद्रालगतच्या कातळातून सुमारे ३० ठिकाणी खोल खोदकाम करून १० मैलांचा हा तुकडा तयार झाला. त्याला मैलामागे सुमारे २० हजार पौंड लागले, म्हणजे ब्रिटनमधील तोपर्यंतच्या अत्यंत खर्चिक मार्गांत त्याची गणना झाली. १८९७ च्या नोव्हेंबरात काइलचे स्थानक उघडले. ते धक्क्यावरच बांधलेले आहे. समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे स्काय बेट. मॅलेगचा मार्ग १ एप्रिल १९०१ रोजी खुला झाला. मूठभर झोपड्यांच्या मॅलेगचे थोड्याच वर्षांत गजबजलेले बंदर झाले. संध्याकाळी पकडलेला मासा बर्फात घालून रातोरात दक्षिणेकडे रवाना होऊ लागला.

एवढे झाले तरी हिशेबाची वही काही प्रसन्न झाली नाही. मॅलेगच्या मार्गाचा खर्च उत्पन्नाहून अधिकच राहिला आणि हमीचा पैसा तिजोरीला मोजावा लागला. स्थलांतरही थांबले नाही. ज्या गाडीने मासळी शहरात जाई, त्याच गाडीने तरुण मुलेही शहरात जात. पण वहीत न मावणाऱ्या गोष्टीही होत्या. डॉक्टर, टपाल, धान्य, कोळसा, गुरांचा चारा, सारे या रुळांवरून येऊ लागले. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेहून आलेले सागरी सुरुंग काइलच्या धक्क्यावर उतरवून याच एकेरी मार्गाने पूर्व किनाऱ्याकडे नेण्यात आले आणि जर्मन पाणबुड्यांची वाट अडविण्यासाठी उत्तर समुद्रात पेरले गेले. ज्यांनी हा मार्ग आखला, त्यांच्या अंदाजपत्रकात या उपयोगाला रकाना नव्हता.

१९२३ साली ब्रिटनमधील कंपन्यांचे चार मोठे गट झाले आणि १९४८ साली सर्व लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले. तोपर्यंत मोटारींनी आणि मालट्रकांनी आगगाडीचे उत्पन्न खाण्यास प्रारंभ केला होता. १९६३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातील एक तृतीयांश लांबीच्या मार्गांवर एकूण प्रवासी वाहतुकीपैकी केवळ एक टक्का वाहतूक होते, असे त्यांनी आकडे देऊन दाखविले आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग व २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. इन्व्हर्नेसच्या पलीकडील सर्व मार्ग, म्हणजे काइलचा आणि अगदी उत्तरेकडील विक-थर्सोचा, या यादीत होते. बीचिंग यांचे आकडे खोटे नव्हते. त्यांना जो प्रश्न विचारण्यात आला होता, त्याचे उत्तर तेच होते. प्रश्नच अपुरा होता, असे हायलंड्समधील लोकांचे म्हणणे पडले. रस्ते अरुंद आहेत, हिवाळ्यात बर्फाने बंद पडतात. गाडी गेली तर आमची गावे राहणार कशी, हे त्या आकड्यांत कोठे आहे, असे त्यांनी विचारले. सभा झाल्या, निवेदने गेली आणि १९६४ साली मंत्र्यांनी इन्व्हर्नेसपलीकडील मार्ग बंद करण्यास नकार दिला.

सर्वांचे दैव असे बलवत्तर नव्हते. ओबनच्या मूळ मार्गाचा पूर्वार्ध बंद करण्याचे ठरले होते. १९६५ च्या सप्टेंबरात ग्लेन ओगल येथे दरड कोसळली आणि ठरल्या तारखेच्या आधीच तो संपला. ओबनच्या गाड्या तेव्हापासून क्रियनलॅरिखपर्यंत वेस्ट हायलंडच्या रुळांवरून जातात. एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातून आलेली वाटच तिला तारक ठरली. पूर्व किनाऱ्यावरील मासळीची मोठी बंदरे, पीटरहेड आणि फ्रेझरबर्ग, यांची प्रवासी गाडी १९६५ साली गेली. सेंट अँड्रूज आणि लेव्हन या गावांची १९६९ साली गेली. तेथे वस्ती पश्चिमेपेक्षा दाट होती, पण रस्तेही चांगले होते. आणि रस्ता चांगला असणे हाच आगगाडीविरुद्धचा पुरावा ठरला.

या गदारोळातून एक महत्त्वाचा कायदा निघाला. १९६८ च्या वाहतूक कायद्याने असे मान्य केले, की काही गाड्या तोट्यात चालल्या तरी समाजाला त्या आवश्यक असतात. अशा गाड्यांसाठी सरकारने उघडपणे, ठराविक रक्कम नेमून, अनुदान द्यावे. १८९६ साली एका मार्गापुरते जे अपवाद म्हणून पटवावे लागले होते, ते आता नियम म्हणून लिहिले गेले. तरीही काइलच्या मार्गावरील टांगती तलवार दूर झाली नव्हती. १९७३ अखेर तो बंद करण्याचे पुन्हा ठरले. इतक्यात उत्तर समुद्रात खनिज तेल सापडले आणि काइलच्या मार्गाजवळील लॉख किशॉर्न येथे तेलविहिरींसाठी प्रचंड मंच बांधण्याचा कारखाना निघाला. अरुंद रस्त्यांना न झेपणारे सामान तेथवर पोहोचविण्यास रूळ हवे होते. १९७४ साली मार्गाला जीवदान मिळाले. तो कारखाना १९८० नंतरच्या दशकात बंद पडला, पण लोहमार्ग उरला. तो १९७३ सालीच उखडला असता, तर पुन्हा कोणी घातला असता असे मानण्यास आधार नाही.

आज मासळी या रुळांवरून जात नाही. ती ट्रकांतून जाते. १९९५ साली काइलसमोर स्काय बेटापर्यंत पूल झाला आणि होडीची फेरी थांबली. मॅलेगच्या मार्गावर १९८४ सालापासून उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनाची गाडी धावते. चित्रपटांमुळे ग्लेनफिननचा पूल जगभर ओळखीचा झाला आणि २००७ साली तो बँक ऑफ स्कॉटलंडच्या दहा पौंडांच्या नोटेवरही आला. हेरिंगसाठी बांधलेला मार्ग आता पुष्कळ अंशी प्रवाशांच्या कौतुकावर चालतो. पण हिवाळ्यातील सकाळी, जेव्हा कौतुक करणारे कोणी नसते, तेव्हाही दोन डब्यांची गाडी शाळेत, इस्पितळात आणि बाजारात जाणाऱ्यांना घेऊन निघते. १ एप्रिल २०२२ पासून ही सेवा स्कॉटलंडच्या सरकारच्या मालकीखाली आहे. पूर्व किनाऱ्यावर लेव्हन येथील बंद पडलेला मार्ग २०२४ च्या जूनमध्ये, पंचावन्न वर्षांनी, पुन्हा सुरू झाला. त्यासाठी मोठा खर्च करून रूळ नव्याने घालावे लागले आणि नवी स्थानके बांधावी लागली.

सर्वच तोट्याचे मार्ग राखावेत, असा या इतिहासाचा निष्कर्ष काढता येणार नाही. जेथे सोय दुसऱ्या मार्गाने अधिक चांगली आणि स्वस्त होते, तेथे रुळांचा हट्ट धरणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय. परंतु मार्गाचा हिशेब करताना तो कोणत्या वहीत मांडला जातो, याला फार महत्त्व आहे. कंपनीच्या वहीत तिकिटे दिसतात; राज्याच्या वहीत वसलेली गावे, टिकलेले धंदे आणि संकटकाळी हाताशी असलेली वाट याही गोष्टी दिसल्या पाहिजेत. आणि जो खर्च करावयाचा, तो किती, किती काळ आणि कोणासाठी, हे ज्यांच्या पैशाने तो होतो त्यांच्यासमोर मांडून केला पाहिजे. १८९६ सालच्या वादात दोन्ही बाजूंनी ज्या शंका काढल्या, त्या आजही निरर्थक झालेल्या नाहीत. त्या वादातून जो मार्ग उभा राहिला, त्यावरून मॅलेगची गाडी अजून दररोज समुद्रापर्यंत जाते.